जानेवारीत याल का?

आमच्या टाउनशिपमध्ये अर्थसंकल्पाच्या बैठकीला पंधरा माणसं येतात आणि हरणांच्या बैठकीला खुर्च्या कमी पडतात. न्यू जर्सीच्या मध्यभागातलं हे गाव. मोठी अंगणं, मधूनमधून राखीव ठेवलेले जंगलाचे तुकडे, एखाददुसरं सोयाबीनचं शेत, आणि या सगळ्यात वावरणारी पांढऱ्या शेपटीची हरणं. संध्याकाळी कुत्र्याला फिरवायला निघालेल्या माणसाकडे ती मान वर करून बघतात आणि पुन्हा त्याच्याच अंगणातली होस्टाची पानं खायला लागतात. बैठकीत एक बाजू म्हणते, मारा यांना. दुसरी विचारते, आधी इथे कोण होतं? मी या सभागृहात तीन ठिकाणी बसले आहे. आधी तक्रार करणाऱ्या रहिवाशांत, मग मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या तिरंदाजांत, आणि आता पुढच्या टेबलामागे, गावाच्या शिकार-योजनेत कोणाला घ्यायचं ते ठरवणाऱ्या समितीत. जागा बदलली की वाद वेगळा ऐकू येतो.

आधी इथे कोण होतं, या प्रश्नाचं खरं उत्तर दोन्ही बाजूंना अडचणीचं आहे. १९०० च्या सुमाराला इथे हरणं जवळजवळ नव्हतीच. मांसासाठी आणि कातड्यासाठी इतकी बेसुमार शिकार झाली होती की अख्ख्या अमेरिकेत पाचेक लाख उरली असावीत, असा अंदाज सांगतात. त्याच वर्षी लेसी कायदा आला, बाजारासाठी होणाऱ्या शिकारीला आळा बसला, आणि राज्यांनी खासगी इस्टेटींतून, दुसऱ्या राज्यांतून हरणं आणून रानात सोडली. मादी मारायची नाही, हा दंडक तेव्हाचा. आज देशभरातला आकडा तीन कोटींच्या आसपास सांगितला जातो. म्हणजे माझ्या ट्यूलिप खाणाऱ्या हरणाची खापरपणजी कदाचित सरकारी गाडीतून आली असेल. त्यानंतर आम्ही आलो. जंगलं तोडून घरं बांधली, पण सगळी तोडली नाहीत, आणि नेमकं तेच हरणाला मानवलं. त्याला घनदाट रानापेक्षा रानाची कड आवडते. लपायला झाडी आणि दहा पावलांवर खत घातलेली हिरवळ. लांडगे कधीच संपले होते, आणि घराघरांमुळे बंदुकीला बंदी.

माझं माहेर कुडाळजवळचं. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. आई सांगते, भात पोटरीला आलं की रात्री डुकरं उतरायची आणि आजोबा मचाणावर जाऊन बसायचे. डुक्कर पडलं की वाडीत वाटे व्हायचे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि बंदुकीचं काम मुख्यतः आवाज काढण्यापुरतं उरलं. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, एवढीच तिची वर्दळ. त्यामुळे पिकात शिरलेलं जनावर माणूस मारतो, ही गोष्ट मला नवी नव्हती. त्यावर सभागृहात माइक घेऊन तीन-तीन मिनिटं बोलायचं असतं, हे नवं होतं.

मी यात पडले ती लाइममुळे. एका सकाळी नवऱ्याच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. पक्षाघात समजून आम्ही इस्पितळात धावलो, तर निघाला गोचिडीच्या चाव्याने होणारा लाइम रोग. गोळ्यांनी काही आठवड्यांत तो बरा झाला. पण मी मात्र पेटले होते. अंगणात जे उभं आहे, तेच याला कारण, असं मनाने घेतलं. पुढच्याच बैठकीत मी माइकसमोर होते.

लाइमचं गणित तेवढं सरळ नाही, हे मला नंतर समितीच्या कागदांतून समजत गेलं. १९७५ च्या सुमाराला कनेटिकटमधल्या लाइम गावात मुलांचे सांधे सुजण्याचे प्रकार एकदम वाढले, म्हणून हे नाव. रोगाचे जंतू गोचिडीत येतात ते बहुतेक करून पांढऱ्या पायांच्या उंदराकडून. हरीण तिला जंतू देत नाही. ते देतं रक्त आणि लग्नाचा मांडव: मोठ्या झालेल्या गोचिडी हरणावर चढतात, तिथेच जोडीदार शोधतात, पोटभर पितात आणि गळून पडून अंडी घालतात. मग हरणं कमी केली तर लाइम कमी होतो का? मेन राज्यातल्या मोनहेगन बेटावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस सगळी हरणं काढून टाकली आणि काही वर्षांत गोचिडीही आटल्या. पण ते बेट आहे, आणि तिथे ‘सगळी’ म्हणजे सगळी. आमच्याकडे शंभरातली तीस कमी केल्याने माझ्या नवऱ्याचा चेहरा वाचला असता, असं मी आज कोणालाही सांगत नाही. बैठकीत कोणी लाइमच्या भीतीवर शिकारीचा ठराव मागायला लागलं की मीच अडवते, आणि माझ्या बाजूचे लोक माझ्यावर वैतागतात.

मला टिकवलं ते एका कुंपणाने. आमच्या राखीव जंगलात कोणीतरी अभ्यासासाठी आठ फूट उंच जाळीचा एक चौकोन घातलेला आहे. बाहेर जमिनीपासून हरणाची मान पोहोचेल तिथपर्यंत काही नाही; खाली जपानी स्टिल्टग्रास, जे हरणं खात नाहीत, आणि वर एकदम जुनी झाडं. आत ओकची रोपं कमरेपर्यंत आलेली, ट्रिलियम फुललेलं, झुडपात पाखरं. एकच माती, एकच पाऊस. बाहेरचं जंगल मला तोवर छान वाटायचं. मोकळं, चालायला सोपं. त्या जाळीशी उभं राहिल्यावर समजलं की या जंगलात म्हातारी झाडंच आहेत, पोरं नाहीत. बैठकीतल्या दहा भाषणांनी झालं नसतं ते त्या जाळीने केलं.

मग शिकायला लागले. शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम, लेखी परीक्षा, धनुष्याची प्रत्यक्ष चाचणी. वर्गात मी आणि एक महाविद्यालयीन मुलगी सोडलं तर सगळे पुरुष. कोणी वाईट वागलं नाही. फक्त प्रत्येकाने मला हार्नेस कसा बांधायचा ते पुन्हापुन्हा शिकवलं. योग्यच होतं म्हणा. इथल्या शिकाऱ्याला खरा धोका हरणापासून किंवा दुसऱ्याच्या तीरापासून नसतो, झाडावरून पडण्यापासून असतो. २०१० मध्ये न्यू जर्सीने धनुष्यासाठी इमारतीपासूनची अट ४५० फुटांवरून १५० वर आणली. पण त्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात उंचावर बसून खाली जमिनीच्या दिशेनेच तीर सोडायचा. म्हणजे चुकलाच तर मातीत जाईल. म्हणून आम्ही पहाटे काळोखात झाडावर चढतो आणि हातभर रुंदीच्या लोखंडी बैठकीवर तास न् तास बसतो. समोर कोणाचा तरी स्वयंपाकघराचा दिवा लागतो, शाळेची बस थांबते, मुलं चढतात. हिरव्या कपड्यातली एक मराठी बाई वीस फूट वरून आपल्याला बघते आहे, हे त्यांच्या गावीही नसतं.

महाराष्ट्र मंडळात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. गणपतीच्या जेवणात एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “सुवर्णमृगाच्या मागे गेल्यावर पुढे काय झालं, आठवतंय ना गं?” त्याच काकूंनी पुढच्या थंडीत खिमा मागून नेला.

तीर लागलेलं हरीण जागेवर पडत नाही, हे शिकार न केलेल्या माणसाला सांगावं लागतं. फुप्फुसात अचूक बसलेल्या तीरानंतरही ते शंभरेक यार्ड धावतं. खेड्यात त्याने काही बिघडत नाही. आमच्याकडे शंभर यार्डांत तीन घरांच्या हद्दी येतात. आमच्यातल्या एकाचं हरीण असंच धावत जाऊन शेजारच्या परसात, मुलांच्या झोपाळ्यापाशी पडलं. त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. नेम अचूक होता, कागद चोख होते. घराचा मालक बाहेर आला, काही बोलला नाही, शाळेची बस यायच्या आत उचला, एवढंच म्हणाला. रक्ताची जागा आम्ही पाण्याने धुतली. त्याने आमच्या योजनेला आधी लेखी संमती दिलेली होती. दुसऱ्या दिवशी ती काढून घेतली. मला त्याचा राग आला नाही, पण नकाशा बघून पोटात गोळा आला. एका घराभोवती १५० फुटांचं वर्तुळ काढा, शेजारचंही काढा. मधल्या ज्या पट्टीत बसता येतं ती बऱ्याचदा एकाच माणसाच्या मालकीची असते. त्याने नाही म्हटलं की मागचं अख्खं जंगल बंद. आणि हरणाच्या मादीचा वावर शहरालगत इतका लहान असतो, लेकी आईच्या आसपासच इतक्या चिकटून राहतात, की पलीकडच्या टेकडीवर कितीही हरणं मारली तरी या गल्लीतली कमी होत नाहीत. त्या वर्षापासून माझा निम्मा हंगाम झाडावर जातो आणि निम्मा लोकांच्या दारात. दार ठोठावणं जास्त कठीण आहे.

पण शिकाऱ्यांबद्दलचं माझं मत फिरवणारी गोष्ट आमच्याच गटात घडली. आमच्यात एक जुने गृहस्थ होते, लहानपणापासून शिकार करणारे. त्यांच्यासारखा नेम मी पाहिला नाही. हंगामामागून हंगाम ते आमच्या सगळ्यात उत्तम झाडावर बसायचे आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने उतरायचे. माद्या त्यांच्या खालून जायच्या. ते मोठ्या शिंगांच्या नराची वाट बघत असायचे. आमच्या भागात सुरुवातीच्या हंगामात नियम असा होता, की आधी बिनशिंगाचं जनावर, मग नर. ते एक मादी मारायचे, नोंद करायचे आणि मग नोव्हेंबरभर नराची वाट बघत बसायचे. मी एकदा विचारलंच. ते शांतपणे म्हणाले, “तुम्हाला हरणं कमी करायची आहेत. मला पुढच्या वर्षीही इथे यायचंय.”

इतकं प्रामाणिक वाक्य मी त्या सभागृहात कधी ऐकलं नाही. गावाला हवी आहेत थोडी हरणं, आणि गावाने ते काम दिलंय ज्यांना पुष्कळ हरणं हवी असतात त्यांना. नर कितीही मारले तरी काही फरक पडत नाही. उरलेला एक नर पुष्कळ माद्यांना पुरतो. आकडा ठरतो तो माद्यांवर. भरपूर खाणं मिळालेली मादी बहुतेकदा जुळी घालते, आणि आमच्या हिरवळीवर पोसलेल्या पाडसाला तर पहिल्याच थंडीत गाभ राहू शकतो. संख्या आहे तिथे नुसती थोपवून धरायची म्हटलं तरी दरवर्षी साधारण तिसरा हिस्सा माद्या मारायला लागतात. कमी करायची तर त्याहून जास्त. आणि कमी झाली की उरलेली दिसेनाशी होतात, सावध होतात, शिकारी कंटाळून येईनासे होतात. काम खरं तेव्हा सुरू व्हायला हवं.

ही ओढाताण आमच्याच गावची नाही, खूप जुनी आहे. १९४३ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये वन्यजीवतज्ज्ञ आल्डो लिओपोल्डने उपाशी हरणांचे कळप बघून माद्या मारायला परवानगी देण्याची बाजू घेतली आणि शिकारीच त्याच्यावर तुटून पडले. पेनसिल्वेनियात २००० नंतर गॅरी अल्ट या जीवशास्त्रज्ञाने माद्यांची शिकार वाढवली, तर त्याला धमक्या आल्या आणि सभांना चिलखती बनियन घालून जायची वेळ आली. त्या धमक्यांमागे राग होता तो शिकाऱ्यांचाच. माझ्या मराठी मित्रमंडळींना वाटतं, या वादात एकीकडे कनवाळू आणि दुसरीकडे बंदूकवाले. खरं तर बंदूकवाल्यांतच दोन बाजू आहेत, आणि त्यातली मोठी बाजू हरणं वाढण्याच्या बाजूने आहे.

मग शिकारी नकोतच, असं म्हणणाऱ्यांकडे उपाय आहेत, आणि ते मी हसण्यावारी नेत नाही. प्रिन्स्टनने २००१ मध्ये पगारी नेमबाज आणले. रात्री खाणं टाकून, दिव्यात, बंदुकीने. ते शिंगं बघत नाहीत, मादी आली की मादी. गावात तेव्हा जबरदस्त भांडणं झाली, आणि हरणं कमी झाली. वॉशिंग्टनच्या रॉक क्रीक पार्कमध्येही खटल्याच्या वळणाने जाऊन २०१३ मध्ये तेच झालं. मला विचाराल तर संख्या कमी करण्याचं काम त्यांचंच. पैसे मात्र लागतात, आणि दरवर्षी लागतात. स्टेटन आयलंडवर शिकारीला बंदी, तेव्हा न्यूयॉर्क शहराने २०१६ पासून नर पकडून त्यांची नसबंदी केली. खर्च लाखो डॉलरमध्ये, आणि न्यू जर्सीची हरणं तिकडे पोहून जातात ती वेगळी. हेस्टिंग्ज-ऑन-हडसनने २०१४ पासून माद्यांना गर्भनिरोधक लस टोचून पाहिली. कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारात माद्यांच्या गर्भनलिका बांधल्या, तर एक मजेदार गोष्ट घडली. गाभ न राहिलेल्या माद्या थंडीभर पुन्हापुन्हा माजावर येत राहिल्या आणि आसपासच्या मुलुखातले नर तिथे गोळा झाले. माद्या घटल्या, नर वाढले, एकूण संख्या होती तिथेच.

आमच्या बैठकीत एक वयस्कर बाई येतात. शिकारीच्या कट्टर विरोधक. आमचे लोक त्या उभ्या राहिल्या की घड्याळ बघतात. त्या दरवर्षी एकच प्रश्न विचारत: तीर लागून सापडली नाहीत अशी किती? आमच्या अहवालात मारलेल्यांचा आकडा असायचा, हा नसायचा. कोणी विचारतच नव्हतं, या बाईंखेरीज. समितीत आल्यावर मी तो रकाना घालायला लावला. जखमी होऊन निसटलेल्या प्रत्येक हरणाची नोंद, किती वेळ शोधलं, कोणाच्या हद्दीत माग संपला. दोन शिकारी एवढ्यावरून योजना सोडून गेले. त्या बाई अजूनही विरोधातच मत देतात, आणि मला वाटतं तो रकाना त्यांचा आहे.

दुसरा एक माणूस मात्र बैठकीत बोलतच नाही. सोयाबीनचा शेतकरी. सगळ्या गावात ज्याचं पोट या प्रश्नावर अवलंबून आहे असा तो एकटा. त्याला नुकसानीपोटी हंगामाबाहेर मारायचा परवाना मिळतो, तरी शेताच्या कडेच्या ओळी दरवर्षी सफाचट. त्याच्याशी बोलताना मला माहेरचे फोन आठवतात. तिथे आता डुकरांबरोबर वानरं, गवे, आणि दोडामार्गकडे कर्नाटकातून उतरलेले हत्ती. मामेभाऊ म्हणतो, तुमच्याकडे बरं, परवाना लगेच मिळतो. आमचा अर्ज वनखात्यात फिरून येईपर्यंत पीकच राहत नाही. मी त्याला आमच्या ट्यूलिपच्या भांडणांबद्दल फारसं सांगत नाही.

मांसाचं मात्र छान मार्गी लागलंय. न्यू जर्सीत ‘हंटर्स हेल्पिंग द हंग्री’ नावाची संस्था १९९७ पासून आहे; ठरलेल्या खाटकाकडे हरीण द्यायचं, त्याचा खिमा होऊन अन्नपेढीत जातो. आमच्या गटाचं बरंचसं तिकडेच जातं. थोडं माझ्या घरी राहतं. चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे मालवणी वाटणात नेहमीपेक्षा खोबरं जास्त घालावं लागतं. आमच्यातल्या एकाला लोन स्टार गोचिडी चावली आणि त्याला लाल मांसाचीच ॲलर्जी झाली. तो अजूनही येतो, मारतो, सगळंच्या सगळं दान करतो, आणि घरी जाऊन मासे खातो.

माझा खांदा आता कुरकुरतो, म्हणून धनुष्य सोडून क्रॉसबो घेतलाय, आणि जास्त वेळ समितीतच जातो. ऑगस्टमध्ये आम्ही नव्या अर्जदारांना भेटतो. नेमाची चाचणी असते, कागदपत्रं असतात. पण माझा प्रश्न एकच असतो: जानेवारीत याल का? सप्टेंबरात सगळे येतात. नोव्हेंबरात नर माद्यांच्या मागे धावत असतात तेव्हा तर सुट्ट्या टाकून येतात. धनुष्याचा हंगाम इथे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतो. जानेवारीत बोटं बधिर होतात, नरांची शिंगं गळायला लागलेली असतात, भिंतीवर लावण्यासारखं काही मिळत नाही. असतात त्या माद्या, गाभण, भुकेने खाण्यावर येणाऱ्या. हे ऐकून काहीजण मान खाली घालतात. पोटात पिल्लं असतात तेव्हा नाही जमणार, असं म्हणणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, पण घेतही नाही.

गेल्या खेपेला एक तरुण नर्स आली होती, रात्रपाळीची. जानेवारीचं विचारल्यावर म्हणाली, थंडीचं काही नाही, मंगळवार-बुधवार मोकळी असते, शिंगांचं वेड नाही, फ्रीजर रिकामा आहे. पण माझी गाडी लहान आहे, हरीण न्यायचं कशात? समितीतल्या दुसऱ्या दोघांना तिचा अनुभव कमी वाटत होता. मी म्हटलं, गाडीच्या मागे लावायचा माझा कॅरिअर गॅरेजमध्ये पडून आहे, तो हिला देते. आणि अर्जावर सही केली.